कपाळीची खूण

गणेशोत्सवाच्या ह्या स्मरणिकेसाठी 'आरोग्य' ह्या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी काही वैद्य नव्हे. जर्सी सिटीतील एका शाळेत गेली वीस वर्षे मुलांना शिकविणारी एक साधी शिक्षिका. माझे मराठीही येथलेच. आजीच्या मांडीवर आणि रविवारच्या वर्गात जेवढे मिळाले तेवढे. परंतु नंतर मनात आले की, आमच्या घरात एक दुखणे होऊन गेले आणि ते दोन वर्षे आम्ही सर्वांपासून लपवून ठेवले. ते दुखणे फारसे मोठे नव्हते. लपविणे मात्र फार मोठे होते. आईच्या अनुमतीने ती हकीकत आज आपणांपुढे ठेवीत आहे.

आपल्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज कराराच्या कागदावर अंगठा उठवून समुद्रापार गेलेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाज पोर्ट लुईच्या बंदराला लागले आणि मॉरिशसमधील करारबद्ध मजुरीचा इतिहास सुरू झाला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि कोकणातील व घाटावरील मराठी माणसे त्यांत चढली. त्या लोकांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आजही जपून ठेवल्या आहेत. माझ्या खापरपणजोबांच्या नोंदीची प्रत आईने तेथून मोठ्या खटपटीने मिळविली. नाव, बापाचे नाव, वय, उंची आणि त्यापुढे शरीरावरील खूण. खुणेच्या जागी लिहिले आहे : तोंडावर देवीचे वण.

ती ओळ वाचली की मला नेहमी एक विचार येतो. त्या कारकुनाने आमच्या पूर्वजाचा चेहरा अगदी बारकाईने पाहिला असला पाहिजे. पण तो कशासाठी? माणूस मळ्यातून पळाला तर ओळखून परत आणता यावा म्हणून. अंगावरील खूण म्हणजे पकडले जाण्याचे साधन, ही समजूत त्या दिवसांपासून आपल्या रक्तात उतरली असावी, असे मला वाटते. अंगावर काही उठले की आपण प्रथम ते झाकतो. दाखवायला जातो ते फार उशिरा.

माझी आई वाक्वाची. तेथे ती तिच्या आईप्रमाणे कपाळाला किंचित मेण लावून त्यावर बोटाने कुंकू रेखीत असे. १९७९ साली माझ्या वडिलांबरोबर ती जर्सी सिटीत आली आणि एका कारखान्यात कपडे घड्या घालून खोक्यांत भरण्याच्या कामाला लागली. तेथे घामाने कुंकू ओघळे, कापडाला लागे, मुकादमीण रागावे. न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर आपल्या लोकांची दुकाने निघू लागली होती. तेथे पाकिटातली चिकटणारी टिकली मिळे. आईने ती घेतली. रात्री टिकली न्हाणीघरातील आरशाच्या कडेला चिकटवायची आणि सकाळी तीच पुन्हा कपाळावर लावायची, हा आमच्या घरचा रोजचा परिपाठ. आपल्याही घरचे आरसे ह्याला साक्ष असतील!

१९८७ साली मी सहा वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात, येथे तेव्हा निघत असलेल्या 'जर्सी जर्नल' दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. भारतीयांना ह्या शहरातून हुसकून लावण्याची प्रतिज्ञा त्यात होती आणि लिहिणारांनी स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवून घेतले होते, म्हणजे कपाळीचा ठिपका मोडून काढणारे. सप्टेंबरात हडसन काठच्या शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोझ मोदी ह्या पारशी तरुणाला मारहाण झाली आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्याच सुमारास जर्सी सिटीच्या रस्त्यावर डॉक्टर कौशल सरन ह्यांच्यावर हल्ला होऊन ते कित्येक दिवस बेशुद्ध होते. आम्ही भारतातून आलेलो नाही, आम्ही मॉरिशसचे, हे मारणाराला कोण समजावून सांगणार? आमच्या कातडीचा रंग एकच आणि कपाळावरचा ठिपकाही एकच.

त्या शरद ऋतूत आई दाराशी येऊन थांबे, टिकली काढून पदराच्या किंवा कोटाच्या आतल्या बाजूला चिकटवी आणि मग मला शाळेत पोहोचविण्यास निघे. घरी परत आली की प्रथम टिकली कपाळावर आणि मग चूल. वडील हे पाहत. बोलत काही नसत. पुढे दीड-दोन वर्षांनी भीती ओसरली आणि टिकली पुन्हा बाहेर पडू लागली. आम्ही मुले ते सारे विसरून गेलो. आई विसरली नव्हती, हे मला पुढे अठ्ठावीस वर्षांनी कळावयाचे होते.

२०१३ साली एके दिवशी आई तोंड धूत असता तिच्या कपाळाच्या मध्यावर मला फिकट वर्तुळ दिसले. मी विचारले, तिने 'उजेड पडला असेल' म्हणून उडवून लावले. दोन महिन्यांत ते वर्तुळ शुभ्र झाले. आईने काय करावे? तिने मोठ्या आकाराची टिकली आणली. डाग वाढला, टिकली आणखी वाढली. घरात कोणी तो शब्द उच्चारीत नव्हते. पण प्रत्येकाच्या मनात तोच होता : कोड.

हा शब्द आपल्या समाजात किती जड आहे, हे मी सांगावयास नको. माझ्या धाकट्या बहिणीच्या विवाहाची बोलणी तेव्हा चालली होती. त्या घरच्या वडीलधाऱ्या बाईंनी एकदा आईकडे नीट निरखून पाहिले आणि नंतर फोन येणे बंद झाले. कारण कोणी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. आईने मात्र त्या दिवसापासून माणसांत जाणेच कमी केले. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण पैशाच्या बाबतीत खरी असेल. दुखण्याच्या बाबतीत ती दिवाळे काढते.

येथील एका त्वचारोगतज्ज्ञांकडे आम्ही गेलो. तीन महिन्यांनी भेटीची वेळ मिळाली आणि भेट चालली फार तर सात मिनिटे. डॉक्टरांनी डाग पाहिला, कोड असल्याचे सांगितले आणि मलम लिहून दिले. सारा दोष मी त्यांना देत नाही. आईने गाडीतच टिकली काढून टाकली होती, कपाळ स्वच्छ धुऊन पुसले होते. मोठ्या डॉक्टरांपुढे नीटनेटके जावे ही तिची समजूत. गुन्हेगार गाडीतच बसून राहिला आणि न्यायालयात साक्षीदार तेवढा उभा राहिला! मलम लावायचे आणि वर टिकली चिकटवायची, असा क्रम वर्षभर चालला. गुण कोठून येणार?

जानेवारी २०१५ मध्ये खापरपणजोबांचे गाव पाहण्यासाठी आई, वडील आणि मी कोकणात गेलो. चिपळुणात मुक्काम होता. दमट हवेने आणि घामाने आईच्या कपाळाला खाज सुटली, डागाभोवती कातडी काळवंडली. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या गृहिणी म्हणाल्या, "आमच्या येथे एक कातडीच्या डॉक्टरीणबाई आहेत. घटकाभर बसावे लागेल, पण नीट पाहतात." जिल्ह्याचे शहर नव्हे, मोठे रुग्णालय नव्हे; खाली औषधाचे दुकान आणि वर दोन खोल्यांचा दवाखाना. बाकावर शेतकरी, मासळी विकणाऱ्या बाया, तान्ही मुले. आमचा क्रमांक दीड तासाने लागला.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आईला समोर न बसविता खिडकीच्या उजेडाशी बसविले. प्रथम कापसाची वात डागावरून हळूच फिरविली आणि डोळे मिटून विचारले तेव्हा सांगावयास लावले : येथे लागते का, येथे लागते का? आईला सर्वत्र स्पर्श कळला. "मावशी, हा कुष्ठरोग नाही, ही पहिली गोष्ट मनातून काढून टाका," त्या म्हणाल्या. कुष्ठरोगात चट्ट्याची संवेदना जाते. कोडात ती जात नाही. आपल्या लोकांनी कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हणून दोन निरनिराळ्या गोष्टी एका नावात कोंबल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या नाहक भय पोसले. वास्तविक कुष्ठरोगाचेही भय आता उरू नये. ज्या महाराष्ट्रात डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी एकोणिसाव्या शतकात कडू कवठाच्या तेलाने ह्या रोगावर उपाय करून पाहिला आणि १९४९ साली बाबा आमटे ह्यांनी महारोगी सेवा समिती स्थापून टाकलेल्या माणसांना कवटाळले, त्याच भूमीची आपण लेकरे. आज तर एकत्रित औषधांच्या ठरावीक उपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो.

नंतर खोलीत अंधार करून त्यांनी जांभळ्या प्रकाशाचा एक लहान दिवा कपाळावर धरला. डाग खडूसारखा चमकला. त्याची कडा त्यांनी बराच वेळ पाहिली. मग दिवा बाजूला ठेवून त्यांनी जो प्रश्न विचारला, तो त्याआधी आम्हांला कोणीही विचारला नव्हता : "मावशी, तुमची टिकली कुठे आहे?"

आई गडबडली. तिने पिशवीतून पाकीट काढून दिले. डॉक्टरीणबाईंनी एक टिकली उलटी करून आईच्या कपाळाशी धरली. टिकलीचा डिंक आणि डागाचे वर्तुळ तंतोतंत जुळले.

तेव्हा आईला रडू फुटले. आणि जे ती कोणाला कधी बोलली नव्हती ते त्या परक्या बाईपुढे बोलली. "डॉक्टर, हे मला देवीने दिले. मी त्या वर्षी माणसांना भिऊन सौभाग्याची खूण पुसली होती. तिने ती जागाच पांढरी करून ठेवली." मी आणि वडील एकमेकांकडे पाहतच राहिलो. अठ्ठावीस वर्षे हे ओझे तिने एकटीने वाहिले होते!

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, त्यांनी उपदेशही केला नाही. आईचा हात हातात घेऊन त्या एवढेच म्हणाल्या, "मावशी, देवी इतकी नेमकी गोल शिक्षा करीत नाही. इतका नेमका गोल कारखान्यातच निघतो."

मग त्यांनी सर्व समजावून सांगितले. स्वस्त टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचे द्रव्य असू शकते. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी टायरोसीन नावाच्या पदार्थापासून रंग बनवितात. हे द्रव्य त्या टायरोसीनसारखे दिसते. पेशी फसते, त्याला आत घेते आणि स्वतःच मरते. घाम आणि उष्मा असला की द्रव्य अधिक झिरपते. सर्वांनाच हे होते असे नाही. परंतु ज्यांना होते त्यांना टिकली लावीत राहिल्यास डाग वाढतो आणि काहींच्या बाबतीत दूरच्या जागीही पसरतो. रबरी चपलांच्या पट्ट्यांखाली आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली असेच डाग पडतात, त्यालाही कारण पुष्कळदा अशीच द्रव्ये. पुढे मी वाचले की, २०१३ साली, म्हणजे आईचा डाग दिसला त्याच वर्षी, जपानमधील कानेबो कंपनीला र्‍होडोडेनॉल नावाचे द्रव्य घातलेली गोरेपणाची प्रसाधने बाजारातून परत घ्यावी लागली. हजारो स्त्रियांच्या तोंडावर व हातांवर पांढरे डाग पडले होते. त्याची करणीही ह्याच जातीची.

उपाय पहिला आणि मुख्य : टिकली आजपासून बंद. सोबत एक मलम, सकाळचे थोडे कोवळे ऊन आणि धीर. मेण-कुंकूही तूर्त नको, कारण बाजारच्या कुंकवातील रंग कित्येकांना बाधतात. सहा महिने कपाळ मोकळे ठेवायचे.

आई ठाम म्हणाली, "हे जिवंत असता मी मोकळे कपाळ ठेवणार नाही." तिच्या पिढीच्या बाईला ह्याचा अर्थ काय, हे आपण जाणता. डॉक्टरीणबाई वडिलांकडे पाहू लागल्या. माझे वडील अबोल. त्यांना मी कधी लांब बोलताना ऐकलेले नाही. ते म्हणाले, "त्या वर्षी तू गुंडांच्या भयाने टिकली काढलीस आणि मी मुकाट पाहत राहिलो. तो दोष माझा होता, तुझा नव्हे. आता ही लेक सांगते म्हणून काढ. मी जिवंत आहे की नाही, हे लोकांना विचारू नकोस. तुला रोज भाकरी मागतो त्यावरून ओळख."

आई रडता रडता हसली. पाकीट तेथेच टेबलावर राहिले. फी झाली तीनशे रुपये.

परत आल्यावरचे महिने सोपे नव्हते. त्या वर्षी एका समारंभात ताट घेऊन फिरणाऱ्या मुलीने आईचे कपाळ पाहिले आणि तिला वगळून पुढच्या बाईला कुंकू लावले. मुलगी निरागस होती. पण आईचा चेहरा मला अजून दिसतो. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी लपवते म्हणून लोक चुकतात. मी सांगेन."

आणि २०१६ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती खरोखरच उभी राहिली. जिने जन्मात चार माणसांत भाषण केले नव्हते, तिने आपले कपाळ दिव्याखाली नेऊन सर्वांना दाखविले आणि डॉक्टरीणबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. खोलीत शांतता पसरली. मग कोपऱ्यातल्या एका मावशींनी हळूच आपली टिकली काढली. तिच्याखाली वाटाण्याएवढा पांढरा डाग होता. पाठोपाठ आणखी तिघींनी. एकीने तर नवऱ्यालाही सहा वर्षे कळू दिले नव्हते. चौघीही एकमेकींना वीस-वीस वर्षे ओळखत होत्या!

ह्या अनुभवावरून मी जे शिकले ते शिक्षिकेच्या सवयीने थोडक्यात मांडते. डॉक्टरांकडे जाताना कातडी धुऊन-पुसून नेऊ नये. जे जे कातडीला लागते ते सर्व बरोबर न्यावे : टिकलीचे पाकीट, कुंकू, तेल, साबण, केसांचा कलप, घड्याळाचा पट्टा. डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण होऊन पुढे ठेवावे. टिकलीखाली खाज सुटली वा रंग फिका दिसला तर त्याच दिवशी ती थांबवावी. आपल्या सावळ्या कातडीवर दाह पुष्कळदा लाल दिसत नाही. तो जांभळट, तपकिरी वा राखी दिसतो, आणि गोऱ्या कातडीची चित्रे पाहून शिकलेल्या डोळ्यांना तो चटकन उमगत नाही. २०२० साली लंडनमधील मालोन मुक्वेंडे ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या अध्यापकांच्या साहाय्याने सावळ्या व काळ्या कातडीवरील लक्षणांची एक पुस्तिकाच काढली, ती ह्याच उणिवेपोटी. तेव्हा 'माझी कातडी एरवी अशी नसते' एवढे वाक्य डॉक्टरांना धीटपणे सांगावे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सामानातून मागविलेली गोरेपणाची मलमे वापरू नयेत. त्यांतील काहींत तीव्र स्टिरॉइड, काहींत पारा निघालेला आहे. आणि डाग खरोखरच कोडाचा असला, तरी खचू नये. ते संसर्गाने पसरत नाही, ते कोणाचे पाप नव्हे. २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोडातील गेलेला रंग परत आणण्यासाठी रुक्सोलिटिनिबच्या मलमाला मान्यता दिली, आणि हे पहिलेच तसे औषध होय.

माझ्या आईचा रंग हळूहळू परतला. प्रथम कडेने, मग मधोमध बारीक तपकिरी ठिपक्यांनी. सगळा परतला नाही. तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका राहिला आहे आणि तो राहीलच असे दिसते. सणावारी ती उगाळलेल्या चंदनाचे बोट लावते, तेही आधी आठवडाभर दंडावर लावून पाहिले म्हणून. एरवी कपाळ मोकळे. बहिणीचा विवाहही यथावकाश झाला. त्या घरच्या लोकांना आईने पहिल्याच भेटीत कपाळ दाखविले होते.

येत्या संक्रांतीला आपल्या भगिनींनी वाण म्हणून टिकल्यांची पाकिटे लुटू नयेत, एवढीच माझी विनंती आहे. तिळगूळ द्यावा, फळ द्यावे, मुलांसाठी एखादे मराठी पुस्तक द्यावे. आणि कोणा भगिनीचे कपाळ मोकळे दिसले, तर ताट तिच्यापुढून मागे नेऊ नये. जवळ बसून तिला विचारावे, "काय झाले, सांगाल का?"